सुंभाचा पीळ आणि मोटारीची बैठक : वाहनांच्या अंतर्भागाचा इतिहास व सिंधुदुर्गचा काथ्या

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास सामान्यतः इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. अश्वशक्ती, वेग, इंधन, कारखाने आणि त्यांचे संस्थापक हे त्या इतिहासाचे नेहमीचे विषय होत. परंतु प्रवाशाचा मोटारीशी प्रत्यक्ष संबंध येतो तो इंजिनाशी नव्हे, तर आसनाशी. पाठ टेकते ती गादीला, घाम टिपते ते आवरण आणि डोक्यावर असते ते छताचे अस्तर. वाहनाच्या या अंतर्भागाचा, विशेषतः बैठकीच्या गादीकामाचा इतिहास हा साहित्याचा, श्रमाचा आणि सामाजिक प्रतिष्ठेचाही इतिहास आहे. मराठीत या विषयाकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोटारीचा कारखाना कधी उभा राहिला नाही. तरीही मोटारीच्या बैठकीच्या इतिहासाशी या जिल्ह्याचा संबंध जवळचा आहे. विसाव्या शतकातील बराच काळ जगभरच्या आसनांत जे साहित्य भरले जात होते, त्यांपैकी एक म्हणजे नारळाचा काथ्या. मालवण, वेंगुर्ले आणि देवगडच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी वळला गेला. या साहित्याच्या आधारे मोटारीच्या बैठकीचा प्रवास पाहणे आणि त्या प्रवासात किनाऱ्याच्या वाट्याला काय आले हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1. यंत्रपूर्व काळातील वाहन आणि बैठक

कोकणातील पहिले महत्त्वाचे वाहन म्हणजे होडी व गलबत. अरबी समुद्रातील कित्येक जुन्या नौकांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या जात. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, पाण्यावर तरंगतो आणि ताण आला असता किंचित लांबून पुन्हा पूर्ववत होतो. या तीन गुणांमुळे जहाजांच्या दोरखंडांत त्याला मानाचे स्थान मिळाले. 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले आणि ज्या आरमारासाठी तो उभारला गेला, त्या आरमाराची दोरखंडांची गरजही मोठीच होती. वाहन आणि काथ्या यांचे नाते असे मोटारीच्या कितीतरी आधीचे आहे.

जमिनीवरील वाहनांत मेणा, पालखी, डोली आणि बैलगाडी ही मुख्य होती. यांपैकी प्रत्येकाची बैठक त्यात बसणाऱ्याचा दर्जा सांगत असे. पालखीत गादी, लोड आणि तक्के असत, तर डोली साधी असे. आंबोली किंवा फोंडा घाटाने वर जाणाऱ्या बैलगाडीत पेंढ्याच्या थरावर अंथरलेली घोंगडी हीच गादी होती. घरातील बाज मात्र या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे. लाकडी चौकटीवर सुंभ ताणून विणलेली बाज शरीराचा भार सर्व बाजूंना विभागून घेते आणि भार निघताच पूर्ववत होते. पुढे मोटारीच्या आसनात लोखंडी चौकटीवर पट्ट्या आणि स्प्रिंगा ताणल्या गेल्या, त्यांचे तत्त्वही हेच आहे.

मराठीत घोड्याचे जीन तयार करणाऱ्यास ‘जीनगर’ म्हणतात. हा कारागीर चामडे, कापड आणि भरण यांचा जाणकार असे. घोडा मागे पडल्यावर या हातांना अन्य कामे शोधावी लागली. युरोपात मात्र याच कौशल्याला मोटारीने नवा आश्रय दिला. तो कसा, हे पुढे पाहू.

2. खोगीर ते मोटार

1886 मध्ये कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीचे आसन हे घोडागाडीच्या आसनाहून वेगळे नव्हते. लाकडी बाक, त्यावर भरण, वर चामडे आणि भरण जागचे हलू नये म्हणून ठरावीक अंतरावर ठोकलेली बटणे, अशी त्याची रचना होती. प्रारंभीच्या मोटारींची शरीरे घोडागाड्या बनविणाऱ्यांनी तयार केली आणि आसने खोगीर शिवणाऱ्यांनी. लंडनमधील कॉनोली बंधूंनी 1878 मध्ये चामड्याच्या लहान व्यवसायापासून प्रारंभ केला आणि पुढे त्यांचे चामडे इंग्लंडच्या उंची मोटारींचे वैशिष्ट्य ठरले. जर्मनीत 1906 मध्ये श्टुटगार्ट येथे मोटारींची शरीरे बनविण्याचा कारखाना काढणारा विल्हेल्म रॉयटर हाही मूळचा खोगीर कारागीर होता. त्याच कारखान्यातून 1963 मध्ये ‘रेकारो’ ही केवळ आसनांची कंपनी निर्माण झाली. अर्थात तिथला जीनगर काळाबरोबर मोटारीत शिरला आणि टिकला.

आसनाच्या आवरणाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. उघड्या मोटारींच्या काळात चालक पुढे ऊनपावसात बसे, म्हणून त्याचे आसन चामड्याचे असे. चामडे पुसून घेता येते आणि पाण्याने लवकर बिघडत नाही. मालक मागे बंदिस्त कक्षात बसे आणि त्याच्यासाठी मऊ लोकरी कापड वापरले जाई. म्हणजे चामडे हे सेवकाचे आणि कापड हे धन्याचे, अशी विभागणी होती. पुढे कापड यंत्रावर स्वस्तात निघू लागले आणि चामडे तुलनेने महाग राहिले, तेव्हा ही प्रतिष्ठा नेमकी उलटली. आज चामड्याचे आसन हे संपन्नतेचे लक्षण मानले जाते. साहित्याची प्रतिष्ठा त्याच्या अंगभूत गुणांइतकीच किंवा त्याहून अधिक त्याच्या किमतीवर अवलंबून असते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

1908 मध्ये हेन्री फोर्डचे ‘मॉडेल टी’ आले आणि मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. एवढ्या गाड्यांना पुरेल इतके चामडे मिळणे कठीण होते. त्यामुळे कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेले कृत्रिम चामडे पुढे आले. अमेरिकेत ‘फॅब्रिकॉइड’ हे असे कापड प्रसिद्ध होते व 1910 मध्ये ड्यू पाँ कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड येथे तयार होणाऱ्या अशाच कापडाचे व्यापारी नाव ‘रेक्झिन’ होते. ते नाव भारतात इतके रुळले, की पुढे पीव्हीसीचा लेप दिलेले कापड आले तरी मराठी माणसाने त्यालाही रेक्झिनच म्हटले. मूळ कारखान्याची स्मृती पुसली गेली. शब्द मात्र कणकवलीच्या रिक्षाच्या गादीपर्यंत येऊन पोहोचला.

3. पिळाचे तंत्र

आवरणाखाली काय भरावे, हा प्रश्न अधिक बिकट होता. कापूस दबून त्याचे गोळे होतात आणि पेंढ्याचा चुरा होतो. शंभर वर्षांहून अधिक काळ उत्तम भरण मानले गेले ते घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस. परंतु सरळ केस उपयोगाचे नसतात. ते आधी दोरीसारखे घट्ट पिळले जात, मग वाफवले जात आणि काही काळाने तो पीळ सोडवला जाई. सुटलेला प्रत्येक केस कुरळा राहतो आणि एखाद्या सूक्ष्म स्प्रिंगेप्रमाणे काम करतो. असे लक्षावधी कुरळे केस एकत्र आले म्हणजे दाबल्यावर दबणारी आणि सोडल्यावर वर येणारी गादी तयार होते.

घोड्यांची संख्या घटू लागली तसे केसही दुर्मिळ झाले आणि उद्योगाचे लक्ष काथ्याकडे वळले. काथ्याच्या तंतूत लिग्निन या काष्ठद्रव्याचे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास असते; तागात ते याहून बरेच कमी आणि कापसात जवळजवळ नसतेच. या द्रव्यामुळे तंतू ताठ आणि चिवट राहतो, तसेच दिलेला आकार धरून ठेवतो. काथ्याच्या दोऱ्या पिळून, तो पीळ पक्का बसू देऊन, मग त्या उकलल्या म्हणजे कुरळा काथ्या मिळतो. या कुरळ्या तंतूंचे थर पसरून त्यांवर रबराच्या झाडाचा प्रक्रिया केलेला चीक फवारला जातो. चीक वाळल्यावर थर साच्यात दाबून उष्णतेने पक्के केले जातात. जेथे जेथे दोन तंतू एकमेकांना स्पर्श करतात, तेथे तेथे रबराचा लवचीक सांधा बसतो. यालाच रबरयुक्त काथ्या म्हणतात. मधल्या असंख्य पोकळ्यांतून हवा खेळती राहत असल्याने ही गादी सहसा तापत नाही.

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मराठीत हट्टी माणसाला उद्देशून वापरली जाते. पण तिच्या मुळाशी एक अचूक भौतिक निरीक्षण आहे. काथ्याला एकदा दिलेला पीळ तो सहज सोडत नाही. ज्यांनी ही म्हण घडवली, त्यांना हा गुण हाताने ठाऊक होता. विसाव्या शतकातील आसन-उद्योगाने केले ते इतकेच, की त्या हट्टाला बैठकीच्या कामाला जुंपले. युरोपात 1930 च्या दशकापासून रबरयुक्त केस व काथ्या यांच्या गाद्या मोटारींत येऊ लागल्या. फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध ‘बीटल’ गाडीत आणि मर्सिडीज-बेंझच्या अनेक प्रतिमानांत त्या दीर्घकाळ वापरल्या गेल्या. उष्ण कटिबंधातील नारळाच्या बागेतला तंतू असा जर्मन महामार्गांवर धावू लागला.

4. मुंबईची मोटार आणि कोकणची एस.टी.

मुंबईत मोटारी 1898 च्या सुमारास दिसू लागल्या व त्यांच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचा समावेश होता. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. 1944 मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 आणि 1970 च्या दशकापासून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही गाडी मुंबईची ओळख बनली आणि ऑक्टोबर 2023 अखेर ती टॅक्सीसेवेतून कायमची निवृत्त झाली. पुढे आणि मागे सलग बाक, त्यावर रेक्झिन, आत स्प्रिंगा आणि भरण, अशी तिची बैठक होती. तिच्या छताची रंगीत अस्तरे, फुलाफुलांची प्लास्टिक आवरणे आणि समोरच्या फळीवरील देवाची तसबीर यांतून टॅक्सीचालकाने कारखान्याच्या एकसारखेपणावर आपली मुद्रा उमटवली. गावाकडून मुंबईत उतरलेल्या चाकरमान्याला मोटारीचा पहिला अनुभव बहुधा अशा टॅक्सीच्या बाकावरच मिळत असे.

परंतु कोकणाचे खरे वाहन ठरले ते राज्य परिवहनाची बस. मालवण, वेंगुर्ले ही बंदरे दीर्घकाळ मुंबईच्या आगबोटींवर विसंबून होती. सावकाश घाटरस्त्यांनी आणि नंतर मुंबई-गोवा महामार्गाने त्यांना जमिनीवरून जोडले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. प्रारंभीच्या त्या 30 बेडफर्ड गाड्यांची शरीरे लाकडी होती आणि आसने काथ्याची. सार्वजनिक वाहतुकीच्या मराठी इतिहासातील ही नोंद सहसा दुर्लक्षिली जाते. नव्या स्वतंत्र देशातील सामान्य प्रवासी सरकारी बसमध्ये प्रथम बसला, तो काथ्यावर.

याच काळात बैठकीच्या दर्जाचे प्रयोगही झाले. 1950 च्या दशकाच्या आरंभी पुणे-महाबळेश्वर मार्गासाठी मॉरिस कंपनीच्या सांगाड्यावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरीआरोहिणी’ नावाच्या दोन आरामगाड्या तयार करण्यात आल्या. त्यांत दोन-दोनची आसने, पडदे, अंतर्गत सजावट, घड्याळ आणि हिरवट काचा होत्या. थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या पर्यटकांसाठी पडदे आणि गावोगावच्या प्रवाशांसाठी काथ्या, असा भेद एकाच संस्थेच्या गाड्यांत दिसतो. 1982 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांनंतर आलेल्या निमआराम गाड्यांना लोकांनी ‘एशियाड’ हेच नाव दिले, यावरून उंच पाठीच्या दोन-दोनच्या आसनाचे किती अप्रूप होते हे कळते. साध्या गाडीत मात्र तीन-दोनच्या बाकांवरून प्रवास चालू राहिला. त्या बाकांवरील पत्र्यावर रंगविलेली ‘महिला’, ‘स्वातंत्र्यसैनिक’, ‘आमदार-खासदार’ ही राखीव जागांची अक्षरे म्हणजे बसच्या अंतर्भागात लिहिलेला सार्वजनिक जीवनाचा शिष्टाचारच होता.

कोकणाने एस.टी.ला केवळ प्रवासी पुरवले नाहीत, तर तिच्या शरीराची रचना बदलण्यासही भाग पाडले. लाकडी शरीरांच्या जागी पोलाद आले, पण खाऱ्या हवेने ते गंजू लागले. ही अडचण विशेषतः कोकण किनाऱ्यावर जाणवली आणि 1960 च्या सुमारास अधिक टिकाऊ म्हणून ॲल्युमिनियमची निवड झाली. गाड्यांचा लाल रंगही त्याच सुमाराचा. अलीकडच्या वर्षांत अपघातातील सुरक्षिततेच्या विचाराने महामंडळ पुन्हा पोलादी सांगाड्याकडे वळले. तरी मधली अनेक दशके महाराष्ट्रभर धावलेल्या ॲल्युमिनियमच्या गाडीवर कोकणच्या हवेचा ठसा होता, असे म्हणावे लागते.

5. फोमचे आगमन

काथ्याला पहिला प्रतिस्पर्धी रबराच्या चिकातूनच निर्माण झाला. 1929 मध्ये इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत चीक घुसळून त्याचा फेस पक्का करण्याची कृती साधली आणि ‘डनलॉपिलो’चा जन्म झाला. दुसरा प्रतिस्पर्धी अधिक बलवान होता. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर व सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले आणि 1950 च्या दशकात त्याचा लवचीक फोम बाजारात आला. दोन द्रव साच्यात ओतले, की काही मिनिटांत आसनाचा हवा तो आकार फुगून तयार होतो. त्यात तारा, कड्या आणि बिजागऱ्या आधीच बसवून ठेवता येतात. पिळणे, वाळवणे, उकलणे आणि दाबणे या काथ्याच्या लांबलचक क्रियांपुढे हा वेग अतुलनीय होता.

भारतात हा बदल उशिरा झाला. 1960 च्या दशकात रबरयुक्त काथ्याचा उद्योग दक्षिणेत उभा राहिला. 1962 मध्ये कर्नाटकात सुरू झालेल्या ‘कर्लऑन’च्या नावातच कुरळेपणाचा निर्देश आहे, तर 1963 मध्ये आलप्पुळा येथे ‘ड्युरोफ्लेक्स’ सुरू झाली. त्या काळी काथ्याच्या गाद्या आणि वाहनांची आसने यांत सीमारेषा फारशी नव्हती. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिच्या पुढील भागात सलग बाकाऐवजी दोन स्वतंत्र, साच्यातून काढलेली फोमची आसने होती. वजन कमी करणे हे नव्या गाडीचे सूत्र होते आणि जाड स्प्रिंगांवर बसवलेला काथ्या त्या सूत्रात बसत नव्हता.

सुरक्षिततेच्या नियमांनीही बैठकीची व्याख्या बदलली. अमेरिकेत 1972 पासून अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळते याची चाचणी आवश्यक झाली आणि पुढे इतर देशांनी तशी मानके स्वीकारली. व्होल्वोच्या निल्स बोलिनने 1959 मध्ये सिद्ध केलेला तीन बिंदूंचा पट्टा भारतात 1994 पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांसाठी बंधनकारक झाला. आसन आता केवळ गादी राहिले नाही. ते अपघातात माणसाला धरून ठेवणारे यंत्र झाले. अशा यंत्राचे उत्पादन गुरुग्राम किंवा पुणे-चाकण परिसरातील मोठ्या कारखान्यांत होणे अपरिहार्य होते. काथ्याची पीछेहाट केवळ उपेक्षेमुळे झाली असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरेल. तो अधिक जड होता, ओल शोषून घेई, गुंतागुंतीच्या आकारांत सहज घडत नसे. या उणिवा खऱ्या होत्या.

6. किनाऱ्यावरील कारागीर

कारखान्यातून निघालेली बैठक हा तिच्या इतिहासाचा पूर्वार्ध असतो. उत्तरार्ध रस्त्याकडेच्या दुकानात घडतो. सिंधुदुर्गात महामार्गालगत आणि तालुक्यांच्या गावी ‘कुशनवाला’ हा कारागीर आढळतो. शिवणयंत्र, कात्री, हातोडी, पक्कड, मोठी वाकडी सुई आणि रेक्झिनचे गुंडाळे एवढे त्याचे भांडवल. रिक्षाचे हूड, जीपचे छत, टेम्पोचा बाक, मोटारसायकलची सीट आणि क्वचित घरातील सोफा हे सारे त्याच्याकडे येते. फाटलेले आवरण उसवून त्याच तुकड्यांना नमुना धरून नवे कापड बेतायचे, ही त्याची पद्धत. म्हणजे जुने आवरण हाच त्याचा आराखडा असतो.

त्याच्या व्यवसायाला स्थानिक हवामानाने वळण दिले आहे. चार महिन्यांच्या मुसळधार पावसात गाडीच्या गादीला बुरशी धरते, स्प्रिंगा गंजतात, खाऱ्या वाऱ्याने कड्या आणि खिळे खातात. उन्हाळ्यात रेक्झिन अंगाला चिकटते, म्हणून त्यावर टॉवेल किंवा सुती आवरण घातले जाते. मासळीची ने-आण करणाऱ्या टेम्पोत मऊ कापडाचा उपयोग नाही. तेथे धुता येणारे जाड रेक्झिनच हवे. उलट पर्यटकांसाठी ठेवलेल्या गाड्यांत, तारकर्लीसारख्या किनाऱ्यावरून ओल्या अंगाने आणि वाळूने भरलेल्या पायांनी येणारा प्रवासी गृहीत धरून आवरणे निवडावी लागतात. पायाखाली काथ्याचे पायपुसणे टाकण्याची रीत येथे उपयोगी ठरते; कारण वाळू त्याच्या तंतूंत अडकते आणि ते झटकले की मोकळे होते. आसनातून हद्दपार झालेला काथ्या असा पायाखाली मात्र टिकून राहिला.

7. बेलेमचा अनुभव आणि सिंधुदुर्ग

काथ्या मोटारीतून कायमचा गेला, हा समज पुरता खरा नाही. ब्राझीलमधील बेलेम येथील पारा संघीय विद्यापीठाच्या ‘पोएमा’ या उपक्रमाने 1992 पासून डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने एक प्रयोग केला. अमेझॉनच्या मुखाजवळील मराजो बेटावरच्या शेतकऱ्यांकडून नारळाची सोडणे घेऊन त्यांचा तंतू काढायचा, त्यावर नैसर्गिक रबराचा चीक फवारायचा आणि त्यापासून मर्सिडीज-बेंझ गाड्यांचे शीर्षाधार व आसनांचे भाग तयार करायचे, अशी ती योजना होती. 2001 मध्ये बेलेमजवळच्या अनानिंदेउआ येथे त्यासाठी कारखाना सुरू झाला. या प्रयोगाची मर्यादा अशी, की त्याचे यश एका मोठ्या ग्राहकावर अवलंबून होते. त्याचे महत्त्व मात्र वादातीत आहे. शेतकरी, विद्यापीठ आणि मोटार कंपनी हे तिघे एकत्र आले, तर बागेत कुजणारे सोडण आसनाच्या कारखान्यापर्यंत पोहोचू शकते, हे त्याने दाखवून दिले.

सिंधुदुर्गची स्थिती या तुलनेत तपासण्यासारखी आहे. जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नारळाच्या बागा आहेत. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गेल्या काही दशकांत रबराची लागवड वाढली आहे. म्हणजे रबरयुक्त काथ्याचे दोन्ही घटक एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर निर्माण होतात. तरीही सोडणांचा मोठा भाग न्हाणीघराच्या चुलीत जळण म्हणून जातो किंवा माडाच्या आळ्यात कुजतो. चीक जिल्ह्याबाहेर जातो, आणि रबरयुक्त काथ्याची गादी बाहेरून विकत आणली जाते.

या तुटीचे कारण श्रमाच्या इतिहासात आहे. केरळात 1859 मध्ये जेम्स डॅराने आलप्पुळा येथे काथ्याचा कारखाना काढला आणि बंदर, व्यापारी पेढ्या व कामगार संघटना यांच्याभोवती एक संपूर्ण उद्योग वाढला. 1953 च्या काथ्या उद्योग अधिनियमानुसार स्थापन झालेल्या मंडळाचे केंद्रही केरळातच राहिले. कोकणात सुंभ वळणे हे घरगुती आणि जोडकाम राहिले. सोडणे खाडीच्या चिखलात सहा ते दहा महिने कुजवायची, काढून बडवायची, तंतू सोडवायचे आणि वळायचे, हे कष्टाचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. घरकामाचाच एक भाग मानले गेल्याने त्याचे मोल क्वचितच स्वतंत्रपणे मोजले गेले. नायलॉनच्या दोऱ्या आल्या तेव्हा सुंभाची मागणी घटली आणि त्याबरोबर पिळाचे कसबही हातांतून निसटू लागले. वेंगुर्ले येथे महिला काथ्या कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, ही या पार्श्वभूमीवर महत्त्वाची घटना होय. तिने पायपुसणी, दोऱ्या आणि शोभेच्या वस्तू यांतून या कामाला बाजार आणि कामगार म्हणून ओळख मिळवून दिली. तथापि हस्तकलेची वस्तू आणि उद्योगाचा सुटा भाग यांत अंतर असते. पायपुसणे एकेक विकता येते. आसनाचे भरण मात्र ठरावीक घनता, जाडी आणि चाचण्या यांच्या अटींवर हजारोंच्या संख्येने द्यावे लागते. ते अंतर ओलांडण्यासाठी लागणारे साचे, चिकावरील प्रक्रिया आणि खात्रीचा ग्राहक ही व्यवस्था एकट्या सहकारी संस्थेने उभी करावी, ही अपेक्षा अवाजवी ठरते.

दरम्यान मोटार उद्योगालाही नैसर्गिक साहित्याकडे पुन्हा पाहावे लागत आहे. फोर्डने 2008 च्या ‘मस्टँग’मध्ये सोयाबीन तेलाचा अंश असलेला फोम वापरला, तो याच विचाराचा भाग. खनिज तेलापासून केलेला फोम आणि पीव्हीसीचे आवरण यांची गाडी मोडीत निघाल्यावर विल्हेवाट लावणे अवघड असते. कुरळ्या काथ्याची गादी त्या मानाने मातीला परकी नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(1) मोटारीच्या अंतर्भागाचा इतिहास हा खोगीर, पालखी, बाज आणि नौका यांच्या साहित्यपरंपरेशी जोडलेला आहे. युरोपात खोगीर कारागिराला मोटार उद्योगाने सामावून घेतले. महाराष्ट्रात जुन्या कारागिरीचा असा सांधा बहुतांशी रस्त्याकडेच्या कुशनवाल्यापुरता राहिला.

(2) बैठकीचे साहित्य बदलण्यामागे केवळ सुखाचा विचार नव्हता. किंमत, वजन, उत्पादनाचा वेग आणि सुरक्षितता या चारही कारणांनी काथ्याची जागा फोमने घेतली. त्या बदलाला तांत्रिक आधार होता, हे मान्य केले पाहिजे.

(3) राज्य परिवहनाच्या पहिल्या गाड्यांतील काथ्याची आसने आणि कोकणच्या खाऱ्या हवेमुळे झालेली ॲल्युमिनियमची निवड, या दोन गोष्टी दाखवितात की कारखान्यांपासून दूर असलेला प्रदेशही वाहनाच्या रचनेत सहभागी असतो.

(4) सिंधुदुर्गात तंतू आणि रबर ही दोन्ही द्रव्ये आहेत. उणीव साहित्याची नसून साहित्य व उद्योग यांच्यामधल्या दुव्याची आहे. बेलेमच्या उदाहरणात तो दुवा विद्यापीठाने पुरविला होता. कोकणातील कृषी व तंत्रशिक्षण संस्थांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

म्हणीतला सुंभ जळूनही पीळ सोडत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर आज सुंभ जळतो तो न्हाणीघराच्या चुलीत, सोडणाच्या रूपात, पीळ मिळण्याच्या आधीच. तो पीळ ज्या हातांनी दिला, त्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी आता वृद्ध आहेत. त्यांच्या कसबाची पद्धतशीर नोंद होणे, हे या इतिहासाच्या अभ्यासातील पुढचे व तातडीचे काम आहे.